कराच्या भीतीनं आलेली भावकी

मी मुळात भित्री. आधी घाबरते, मग त्या घाबरण्याचाच मला राग येतो आणि तो समोर सापडेल त्याच्यावर निघतो. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून वाईट बातमी आली की माझ्यासमोर कुणी थांबत नाही. पण जीएसटी नवा नवा आला तेव्हा माझ्याही आधी आमचे धाकटे दीर घाबरले, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आमचं घर बेटावर आहे. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. गंगाखेडच्या खाली एका ठिकाणी ती दोन अंगांनी वाहते, आणि मधल्या उंचवट्यावर महादेवाचं जुनं देऊळ, दगडी घाट आणि आमची थोडीशी घरं. मी लग्न होऊन आले तेव्हा धड होडीसुद्धा नव्हती. गूळ करायच्या मोठ्या कढईत बसवून मला ह्या तीरावर आणलं होतं. अंगावर शालू, डोक्याला बाशिंग आणि मी कढईत डोळे गच्च मिटून बसलेली! तेव्हापासून पाण्याची भीती गेली नाही, आणि आयुष्य गेलं पाण्याच्या मधोमध.

शेती आहे, पण घर चालतं ते येणाऱ्या माणसांवर. आमच्या घाटावर लोक दहाव्याला येतात. मानवतचे, परभणीचे, पिंगळीकडचे. सकाळी लवकर क्रिया सुरू होते आणि होडी संध्याकाळी बंद पडते, त्यामुळं आदल्या दिवशीच येऊन मुक्काम करावा लागतो. म्हणून प्रत्येक घरानं अंगणात एक-दोन खोल्या काढलेल्या. सतरंजी, पाण्याची घागर, बाहेर एक चूल. आमच्या भिंतीवर दिरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'राहण्याची सोय होईल'. त्यातला 'होईल' पुढं जागा न पुरल्यामुळं कोपऱ्यात दाटून बसला होता.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, सुतकाची माणसं रोज अंगणात, मग ह्यांच्या घरी सणवार कसे होतात? त्याची रेघ आमच्याकडं पक्की होती. सुतक ज्याचं त्याचं. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या भावकीला ते लागतं, खोली देणाऱ्याला नाही. त्यांची चूल वेगळी, आपली वेगळी. अंगणात एखादी बाई नवऱ्यासाठी रडत असायची आणि आत आम्ही दिवाळीच्या करंज्या तळायचो. मला पहिल्या वर्षी फार कसंसंच झालं होतं. मग सवय झाली. ती रेघ होती म्हणून आम्ही ह्या बेटावर जगू शकलो.

जीएसटी आमच्याकडं टीव्हीतून आला नाही, दिरांच्या पिशवीतून आला. येणाऱ्या लोकांसाठी न्हाणीघर बांधायचं चाललं होतं. दीर गंगाखेडच्या बाजारातून सिमेंट अन् फरशीचं बिल घेऊन आले आणि ओसरीवर बसून पुन्हा पुन्हा तेच वाचत राहिले. दुकानदारानं पहिल्यांदाच छापील बिल दिलेलं, आणि खाली कराच्या दोन ओळी.

"वैनी, एक दिल्लीचा कर अन् एक मुंबईचा," ते म्हणाले. "दोघं बी एकदाच."

"मग? घेतलं ना सिमेंट?"

"सिमेंटचं सोडा. तिथं दुकानात बोलणं चाललं होतं. आता राहण्यावर कर, खाण्यावर कर. जो खोली देतो तो लॉजवाला. त्यानं नंबर काढायचा, बिल फाडायचं, न्हाई तर दंड. साहेब लोक गावोगाव फिरायलेत म्हणे."

आम्ही आणि लॉजवाले! ज्या घरात दोन गाद्यांना मिळून एक धड खोळ नाही, ते घर लॉज? पण भीतीला अक्कल कुठं असते. त्या दिवसापासून पैलतीरावर पांढरा शर्ट दिसला की मी आत पळायचे. एकदा तर पोलिओच्या डोसवाल्या बाईंना बघून मी खोलीला कुलूप घातलं होतं.

न्हाणीघर जोत्यापर्यंत येऊन थांबलं. दिरांनी भिंतीवरच्या 'राहण्याची सोय होईल' वर चुन्याचा हात मारला. चुना पातळ होता, अक्षरं खालून दिसतच राहिली. शेजारच्या घरानं तर माणसं ठेवणंच बंद केलं. तोंडावर दार लावायचं जिवावर यायचं, म्हणून ती बाई आजारी असल्याचं सोंग घ्यायची. येणारी माणसं आधीच दुःखात, त्यात आमचे असे चेहरे. पुढं पुढं तीही बिचकायला लागली. सकाळच्या होडीनं येऊन, घाटावर उशिरा क्रिया उरकून उन्हातान्हाची परत जायची. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फार हाल व्हायचे.

मग एके दिवशी दिरांच्या डोक्यातून ती अफलातून कल्पना निघाली. कुठून ही बुद्धी झाली कुणास ठाऊक!

"आपण कुणाला भाड्यानं ठेवतच न्हाई," दीर म्हणाले. "आपल्याकडं आपली भावकी येते. भावकीवर कर लावतो का कुणी?"

"भावकीच का? पाहुणे म्हणा," मी म्हटलं.

"पाहुणा म्हणलं की साहेब विचारणार, कोणता पाहुणा, कुठून आला, किती दिवस. भावकी म्हणलं की विषय खलास. दहाव्याला भावकीच येते ना? मग!"

आमचे हे तिथंच दोरी वळत बसले होते. हे फार बोलणारे नाहीत. त्यांनी एकदा भावाकडं बघितलं, 'हं' केलं आणि पुन्हा दोरी वळायला लागले. ह्यांच्या त्या 'हं'चा अर्थ होकार की नकार, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळत नाही.

झालं, बेटावरच्या सगळ्या घरांनी तेच धरलं. नावाड्यालासुद्धा दिरांनी पढवून ठेवलं. होडीत कुणी नवखा माणूस विचारायला लागला, तर एकच उत्तर द्यायचं, यांची भावकी हाय. नावाडी साधा माणूस, सांगितलेलं डोक्यात पक्कं बसवून घेणारा. येणाऱ्यांनाही दीर अंगणात उभं करून घोकून घ्यायचे. एका आजीनं तर कहर केला. "कोण गं तू यांची?" असं दिरांनी साहेबाच्या आवाजात विचारलं, तर म्हणाली, "सासू." दिरांच्या तोंडाकडं बघून मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. पण ते तेवढंच. एरवी माझा जीव सारखा टांगणीला लागलेला.

कारण घरात लेकीचं लग्न ठरत होतं. पिंगळीकडचं स्थळ. मुलगा सालस, शेती बरी, आणि मुख्य म्हणजे आमच्या पोरीला तो आवडलेला. बेटावर सोयरीक करायला लोक का-कू करतात. पावसाळ्यात माहेरी जायचं कसं, वरात आणायची कशी, हे त्यांचं बरोबरच. आधी दोन ठिकाणचं होता होता राहिलं होतं. तेव्हा पोर देवळामागं जाऊन बसायची, आणि ती तिथून उठून येईपर्यंत मला स्वैपाक सुचायचा नाही. म्हणून हे जुळत आलं तेव्हा आनंद कमी आणि धास्ती जास्त, अशी माझी गत झाली होती. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि निरोप आला, सुपारी फोडायला येतो. आमच्याकडं सुपारी फुटली की सोयरीक पक्की. दोन्हीकडची थोर माणसं बैठकीत बसतात, सुपारी फोडून वाटतात, मग त्यातून मागं फिरायचं नसतं.

ते येणार त्याच्या आधीच्या आठवड्यात मानवतचे बाबा आमच्याकडं उतरले.

एकटेच आले होते. हातात पिशवी, खांद्यावर पंचा. मानवतच्या कापसाच्या जिनिंगमध्ये उमर गेलेली. बायको वारली, मूलबाळ नाही. सख्खे पुतणे होते, पण वाटणीवरून तोंडं फिरली ती फिरलीच. बायकोची राख त्यांनी एकट्यानं गंगेत सोडली आणि म्हणाले, "दहाव्यापर्यंत हितंच राहीन म्हणतो. घर खायला उठतं."

योगायोग असा, की त्यांचं आडनाव आमचंच निघालं. दिरांना तर लॉटरी लागल्यासारखं झालं.

"बाबा, कुणी विचारलं तर आमच्या भावकीतले म्हणायचं बरं का. ते कराचं लफडं हाय."

बाबा म्हणाले, "मग सुतक तुमाला बी धरावं लागंल की."

"तेवढं तुमचं तुमी सांभाळा," म्हणून दीर हसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तर मागून आवाज आला, "सूनबाई, पाणी कुठून भरायचं?"

मी चमकून बघितलं. मला सूनबाई म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. सासू-सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशी त्यांच्या खोलीपुढची चूल मी त्यांना पेटवू दिली नाही. भाकर अन् बेसन ताटात घालून दाराशी ठेवलं. सुतकातला माणूस म्हणून त्या ताटाखेरीज ते आमच्या कशाला हात लावायचे नाहीत. लांब घाटाच्या पायरीवर बसायचे, आणि तिथूनच लेकीशी बोलायचे. बायको मिरचीचा ठेचा कसा करायची, जिनिंगचा भोंगा झाला की दारात कशी उभी राहायची. लेक ऐकत बसायची. रोजचं ताट मीच ठेवायचे. ते ताट घासून पुसून, पालथं घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, लय झालं."

पाहुणे यायच्या दिवशी मी पहाटेपासून कामाला लागले. शिरा, भजी, अंगणात सडा. लेकीला तिसऱ्यांदा साडी बदलायला लावली. आणि ऐनवेळी दिरांनी सांगितलं, मुलाचे दाजीही येणार आहेत, परभणीत एका वकिलाकडं कराचे कागद भरायचं काम करतात.

"कराचे?" माझ्या हातातला झारा खाली पडला. "अन् हे तुमी आत्ता सांगायलाव?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं! वैनी, काय वाट्टेल ते झालं तरी भाडं हा शब्द तोंडातून काढायचा न्हाई."

मी घाटावर जाऊन उभी राहिले. पैलतीरावरून होडी निघाली. फेटे दिसले, पिशव्या दिसल्या. आणि अर्ध्या पाण्यात होडी थांबली. नावाड्यानं बांबू रोवून धरलेला आणि होडीतली सगळी माणसं आमच्या घाटाकडं बघत होती. लेकीची ही तिसरी सोयरीक, आणि ती अर्ध्या पाण्यात थांबून राहिलेली. काय झालं ते मला नंतर कळलं, पण आताच सांगते. व्याह्यांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, सहज विचारलं होतं, ते पायरीवर बसलेलं म्हातारं कोण? आणि आमच्या गुणी नावाड्यानं पढवल्याप्रमाणं उत्तर दिलं, "ह्यांचीच भावकी हाय मालक. बायको वारली त्यांची. दहाव्यापर्यंत हितंच हायेत."

होडी अखेर तीराला लागली. व्याही उतरले, पण शेवटच्या पायरीवरच थांबले. हे हात जोडून पुढं गेले. लेकीनं तांब्या-पेला पुढं केला, तर व्याह्यांनी हात आडवा धरला.

"पाणी नगं. तुमच्या घरात सुतक हाय अन् आमाला सुपारी फोडायला बोलावलं? आमी काय येडे वाटलो का?"

"सुतक?" दीर चाचरले. "सुतक कशाचं?"

"ही भावकी न्हाई का तुमची? नावाडी तर म्हणायलाय."

दिरांची पाचावर धारण बसली. ते एकदा नावाड्याकडं बघायचे, एकदा त्या दाजींकडं. दाजी आपले शांतपणे मोबाईलवर घाटाचा फोटो काढत होते. लेक तांब्या धरून तशीच उभी. भावकी म्हणावं तर सुपारी राहते, भाडं म्हणावं तर कराचा माणूस समोर उभा. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पायरीच्या दगडाकडं बघत होते.

शेवटी दीरच बोलले, आणि एकदम सुटले. "भावकी-बिवकी काही न्हाई हो. भाड्यानं राहायलेत. पैसे देऊन. कोण कुठले, आमाला ठाऊक बी न्हाईत."

घाट एवढासा. बाबा बसलेले दहा हातांवर.

व्याह्यांनी त्यांनाच विचारलं, "खरं का बाबा?"

बाबा उठून उभे राहिले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. त्यांनी आमच्यापैकी कुणाकडं बघितलं नाही.

"खरं हाय," ते म्हणाले. "भाड्याचा माणूस हाय मी. माझी चूल वेगळी हाय. ह्या घराचं अन् माझं काय बी नातं न्हाई. तुमी बिनघोर जा."

आणि वाट मोकळी करून बाजूला झाले. जाताना लेकीच्या तांब्यावर सावली पडू नये म्हणून अंग चोरून गेले. तेवढं बघितलं आणि मला भडभडून आलं. पण पाहुणे दारात होते.

बैठक बसली. व्याह्यांनी पाणी घेतलं, शिरा घेतला. सुपारी फुटली. बायकांनी लेकीची ओटी भरली. सगळं नीट झालं, आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते दाजींचं हसणं. चहा घेताना दिरांनी न राहवून, खूप आडवळणानं, त्या कराचं विचारलं. म्हणजे एखाद्यानं दोन खोल्या दिल्या, तर साहेब कधी येतो, वगैरे. दाजी इतके हसले की चहा बशीत सांडला.

"अहो मामा, कोणता साहेब? एवढ्याशा सोयीला कर लागतच न्हाई. नंबर काढायची बी गरज न्हाई. तुमी सिमेंट घेतलं, साबण घेतला, त्याच्यावर जे लागायचं ते दुकानातच लागून गेलं. बाकी तुमच्या दारात होडी करून कोण येतंय!"

दिरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण ह्या वेळी मला हसू आलं नाही. त्यांच्या डोक्यात तोच तांब्या घालावासा वाटला. इतके महिने झोप उडाली, न्हाणीघर अर्धं राहिलं, माणसं उन्हात परत गेली, आणि हे सगळं कशासाठी? खामखा!

पाहुणे गेले. दिवेलागणीला मी ताट वाढून बाबांच्या खोलीकडं निघाले, तर समोर धूर. त्यांनी चूल पेटवली होती. ओल्या काट्याकुट्या घातलेल्या, पेटता पेटत नव्हत्या. डोळे लाल झालेले. पातेल्यात डाळ-तांदूळ एकत्र करून ठेवलेलं, ते खाली लागल्याचा वास येत होता.

"बाबा, हे काय? मी आणलंय ना."

"नगं बाई."

बाई! मी ताट धरून तशीच उभी राहिले.

"चार माणसांत बोललो, चूल वेगळी हाय म्हणून," ते म्हणाले. "लेकराच्या सोयरिकीत खोटं नसावं. बोललेलं खरं करावं लागतं. न्या ते ताट."

त्यांना राग आला असता, ते चार शब्द वाईट बोलले असते, तर मला सोसलं असतं. मी भांडणात पटाईत आहे. पण ते रागावलेच नव्हते. मी घरी आले आणि सगळा राग ह्यांच्यावर काढला. "तुमची वाचा बसली होती का? भाऊजी काय बी बरळले अन् तुमी दगडाकडं बघत उभे!"

"लेकीचं होतं," हे म्हणाले. बस, तेवढंच. रात्रभर कूस बदलत होते.

दहाव्याच्या सकाळी घाटावर धुकं होतं. मी अन् लेक देवळाच्या कट्ट्याशी उभ्या राहिलो. वस्तऱ्यानं केस काढून बाबांचं डोकं उतरवून झालं. क्रियेला बसलेले एकटेच. एरवी दहाव्याला माणसांची दाटी असते, दहा-वीस डोकी तुकतुकीत करून ओळीनं उभी असतात. गुरुजींनी सवयीनं हाक दिली, "भावकीतले पुढं या, पाणी द्यायचंय." कुणी नव्हतं. गुरुजींनी इकडंतिकडं बघितलं, मग हळूच म्हणाले, "न्हाई तर कर्त्यानंच द्यावं. चालतं."

तेव्हा हे पुढं झाले. डोक्यावरची टोपी काढली, घडी करून कट्ट्यावर ठेवली आणि जाऊन वस्तऱ्यापुढं बसले.

केस काढणारा माणूस आमच्या घरचाच, वर्षानुवर्षांचा. तो दचकला. "पाटील, तुमचं कोण गेलं?"

"चुलती," हे म्हणाले.

दीर धावत आले. "दादा, येडा झालास का? सुपारी फुटलीय पोरीची! पिंगळीला कळलं तर? नावाडी सगळ्या गंगाखेडात सांगंल. सुतकात सुपारी फोडली म्हणतील, फसवलं म्हणतील!"

"म्हणू दे."

माझी काय गत झाली ती सांगता येत नाही. धावत जावं आणि तो वस्तरा हिसकावून घ्यावा असं वाटत होतं. एक डोकं उतरलं की लेकीचं सगळं बसवलेलं विस्कटणार, हे मला समोर दिसत होतं. लोकांना काय, बोलायला निमित्त पाहिजे. मी पाऊल उचललं, तर लेकीनं माझं मनगट धरलं.

"माय, थांब. आबांनी मला विचारलंय. काल. तुझं मोडलं तर काय करशील म्हणले. मी म्हणलं, तुमी बसा."

बापलेकींनी माझ्यामागं ठरवून टाकलं होतं! मला का नाही विचारलं, हे विचारायची सोय नव्हती. मी नाही म्हटलं असतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी कट्ट्यावर बसले आणि ती टोपी मांडीवर घेतली.

ह्यांनी गंगेत बुडी मारली. बाबांच्या शेजारी उभं राहून ओंजळीनं पाणी सोडलं. मार्गशीर्षातलं पाणी ते, दात वाजत होते. बाबा त्यांच्याकडं बघतच राहिले. बायकोची राख सोडताना रडले नव्हते म्हणे. आता रडले, अगदी मोठ्यानं, लहान मुलासारखे. मग पंच्यानं तोंड पुसून माझ्याकडं वळले.

"सूनबाई," ते म्हणाले, "टॉवेल आणा की. गार लागंल त्याला."

त्या दुपारी त्यांनी आमच्या घरात, आमच्या पंगतीला बसून जेवण केलं आणि संध्याकाळच्या होडीनं मानवतला गेले.

मग सुरू झालं वाट बघणं. पिंगळीहून ना फोन ना निरोप. आधी रोज काही ना काही विचारायला फोन यायचा, तो एकदम बंद. दीर बाजारातून यायचे ते मान खाली घालून, म्हणजे बोभाटा झाला होता. ह्यांच्या डोक्यावर बारीक केस यायला लागले, तेवढे दिवस गेले. लेक कामं करायची, आणि एके दिवशी मी तिला देवळामागं जाताना बघितलं. त्या दिवशी मी चुलीपुढं बसून एकटीच रडले. ह्यांचा राग येत होता, आणि ह्यांच्या त्या डोक्याकडं बघितलं की राग टिकतही नव्हता.

फोन आला तेव्हा हे शेतात होते. मीच उचलला. व्याही होते. राम राम झाला. मी भिंतीला टेकले.

"नावाड्यानं सांगितलं," ते म्हणाले. "मालकानं डोकं उतरवलं म्हणून."

"हो, दादा. ते असं झालं..."

"म्हणजे सुपारी सुतकात फुटली म्हणायची."

काय सांगायचं ते आठवत होते, कर, दीर, नावाडी, चूल, पण कुठून सुरू करावं तेच सुचेना.

"ती सुपारी चालायची न्हाई," ते म्हणाले.

मी दाराकडं बघितलं. लेक उंबऱ्यात उभी होती. ओल्या हातांनी.

"बरं," मी म्हटलं. माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

"सुतक फिटलं का आता तुमचं?"

"फिटलं."

"मंग दुसरी फोडू. येतो आमी पुन्यांदा. पर ह्या वेळंला त्या बाबांना बैठकीत बसवा. घरात थोरलं माणूस असून त्याला घाटावर बसवलं, ते काही बरं दिसलं न्हाई."

मी हो म्हटलं का, काय म्हटलं, आठवत नाही. त्यांनी फोन ठेवला तरी मी तो कानाला तसाच धरून होते.

"माय, काय म्हणले?" लेकीनं विचारलं.

"काका कुठंयत तुझे?" मी डोळे पुसत ओरडले. "त्यांना म्हणावं मानवतला जा. माझ्या सासऱ्यांना घेऊन या. अन् येताना सुपारी आणा."